चार घड्यांचा कागद

१

टेलरकाकांना जाऊन दोन आठवडे झाले होते. त्यांचा मुलगा माझ्या खिडकीशी उभा होता आणि स्वतःच्या सख्ख्या बहिणीविरुद्ध माझ्याकडे कागद मागत होता.

माझी खिडकी म्हणजे इस्पितळाची तक्रारीची खिडकी. सव्वीस वर्षं मी तिच्यामागे बसते आहे. तोंडावर मला मॅडम म्हणतात आणि पाठ फिरली की तक्रारबाई. इथे येणारा माणूस बहुतेक वेळा इस्पितळावर चिडलेला असतो. हा मात्र आमची बाजू घेऊन आला होता.

"मला एवढंच लिहून द्या," तो म्हणाला. "इस्पितळाने दिलेलं पत्रक बरोबर होतं. गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. चूक घरात झाली."

"असा कागद घेऊन काय करणार?"

"तिच्यासमोर ठेवणार. मग मी माझ्या गावाला परत जायला मोकळा."

तो लिफ्ट दुरुस्त करतो, लांबच्या शहरात राहतो. अंगात जुना, उत्तम शिवलेला कोट होता, खांद्यात जरा सैल. बोलता बोलता त्याचा हात कॉलरकडे जायचा आणि बोट टोचल्यासारखा मागे यायचा. कोट मी ओळखला. टेलरकाका कॉलरच्या आतल्या बाजूला टाचण्या खोचून ठेवायचे. माझ्या गणवेशाच्या बाह्या त्यांनीच आखूड केल्या होत्या, आणि "मॅडम, हात तुमचे लहान नाहीत, शिंपी तुमचा मोठा होता," असं म्हणून मला हसवलंही होतं.

घडलं ते असं. काकांना सांध्यांसाठी पिवळी गोळी सुरू झाली होती. आठवड्याला एक, याच्या पुढे गेलं की ती विष. काकांनी नऊ दिवसांत नऊ घेतल्या. तोंड आलं, ताप चढला, आणि सोळाव्या दिवशी, शुक्रवारी, ते गेले. मुलगी त्यांच्याबरोबर राहायची. तिने डॉक्टरांसमोर सांगून टाकलं, की पत्रक मी वाचलं, डबी मी भरली, चूक माझी.

मुलाने एक पिशवी माझ्या टेबलावर रिकामी केली. उरलेल्या तीन गोळ्यांचं पाकीट. सात खणांची गोळ्यांची डबी. जुन्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा. आणि पत्रक.

"बाबांच्या मशीनच्या खणात सापडलं. वाचा. लहान मूलसुद्धा चुकणार नाही."

वाचलं. सोपं, स्वच्छ इंग्रजी. आमच्याकडे दहा भाषा बोलणारे लोक येतात, म्हणून औषधांची पत्रकं अशा सोप्या इंग्रजीत निघतात. चूक शोधूनही सापडली नसती.

मग मी चिठ्ठ्यांचा गठ्ठा पाहिला. प्रत्येक चिठ्ठीच्या चार घड्या, कडा नखाने दाबलेल्या, आणि कोपऱ्यात टाचणीची दोन भोकं. काका कापडाची घडी करायचे तशीच कागदाचीही करायचे.

पत्रकाला एकही घडी नव्हती. भोकही नव्हतं.

"चार दिवस द्या," मी म्हणाले. "कागद देईन. कोणता, ते आत्ता सांगत नाही."

२

मुलगी शाळेची बस चालवते. दुपारच्या फेरीआधी ती रिकाम्या बसमध्ये स्टिअरिंगवर हात ठेवून बसली होती. मी पायरीवर उभी राहिले.

"दादाने पाठवलं?"

"मी आपणहून आले. काका माझे मित्र होते."

"मग तुम्हाला काय सांगायचं? मी सगळं सांगितलंय. मी वाचलं, मी चुकले."

"पत्रकात गोळी किती घ्यायची ते कुठे लिहिलं होतं? पुढच्या बाजूला की मागच्या?"

तिने समोरच्या काचेकडे पाहिलं. "वर. वर कुठेतरी."

"एकाच बाजूला मजकूर होता की दोन्ही?"

"मॅडम, माणूस गेला. बाजू काय विचारता?"

बरोबर होतं तिचं. पण सव्वीस वर्षांत मी खोटं बोलणारे पुष्कळ पाहिलेत. माणूस स्वतःला वाचवायला खोटं बोलतो तेव्हा त्याच्याकडे तपशिलांची रेलचेल असते. हिच्याकडे एकही नव्हता.

मी पर्समधून डबी काढली आणि एक झाकण उघडलं. डबी ओल्या फडक्याने पुसलेली दिसत होती, पण बिजागरीच्या खाचेत निळी पूड अडकून राहिली होती.

"शिंप्याचा खडू," मी म्हणाले. "गोळी घेतली की झाकणावर खूण करायची, पुढच्या आठवड्यात ती पुसून परत करायची. डबी तू भरायचीस, मग खुणा कोण करायचं?"

तिने डबी माझ्या हातातून घेतली, बोटाने ती खाच चाचपली आणि तिचे डोळे भरून आले. तिने ते पुसले नाहीत.

"शेवटच्या दिवसांत घरी कोण कोण आलं होतं?" मी विषय बदलला.

"गेल्यानंतर सगळेच आले. इस्पितळाच्या वाचन मंडळाचे लोक आले. पत्रकताई मंगळवारी आल्या, बाबांच्या मशीनपाशी कितीतरी वेळ बसून होत्या. इतकं रडलं नाही कोणी त्यांच्यासाठी."

शाळेची घंटा झाली. मुलं धावत येऊ लागली. तिने चेहरा सावरला आणि किल्ली फिरवली.

"मॅडम, एक विनंती आहे," ती इंजिनाच्या आवाजात म्हणाली. "हे इथेच थांबवा. चूक माझी होती. तुम्ही शोधलंत तर बाबांचं वाईट होईल."

३

गेलेल्या माणसाचं आणखी काय वाईट व्हायचं राहतं? हा प्रश्न घेऊन मी सांधेवाल्या डॉक्टरांकडे गेले.

ते भले गृहस्थ, पण घाईचे. "तो बुधवार होता," ते म्हणाले. "सकाळी मी त्यांना गोळी लिहून दिली. म्हटलं, पत्रक नीट वाचा. तर म्हणाले, आज अकराला आमच्या मंडळात याच गोळीचं पत्रक वाचायचंय. मी हसलो. म्हटलं, मग मी तुम्हाला काय शिकवणार? तुम्हीच आमची पत्रकं तपासता."

"म्हणजे आठवड्याला एक, हे तुम्ही तोंडाने सांगितलं नाहीत?"

त्यांनी पेन खाली ठेवलं. "बाहेर चाळीस माणसं होती." मग हळू आवाजात म्हणाले, "नाही सांगितलं."

वाचन मंडळाबद्दल इथे सांगायला हवं. पत्रक छापण्याआधी त्याचा कच्चा मसुदा बारा साध्या माणसांना वाचायला देतात. त्यांत रंगारी आहे, धोबीण आहे, दोन आजीबाई आहेत. कुठे अडखळलं, काय कळलं नाही, काय खटकलं, ते त्यांनी खूण करून सांगायचं. काकांचं इंग्रजी गिऱ्हाइकांच्या तोंडून शिकलेलं, कामापुरतं. म्हणूनच त्यांचा भाव मोठा होता. टेलरकाकांना कळलं तर जगाला कळेल, असं पत्रकताई म्हणायच्या. त्याच ती पत्रकं लिहितात. दर बुधवारी काका दाढी करून, हाच कोट घालून यायचे.

औषधांच्या खिडकीवरचा माणूस मला पाहून आधीच घामाघूम झाला. "माझ्या लेबलावर 'पत्रकाप्रमाणे घ्या' एवढंच असतं. तसा नियमच आहे, मॅडम."

"आणि पत्रक दिलंस?"

"दिलं! त्यांनी परत केलं." तो खिडकीतून पुढे झुकला. "म्हणाले, हे दुसऱ्या कोणाला दे, माझ्याकडे आहे. खिशावर हात मारून दाखवला. खूश होते हो त्या दिवशी."

मी घरात सापडलेलं पत्रक त्याच्यासमोर धरलं. त्याने ते उलटसुलट करून पाहिलं, मग कपाटातून दोन गठ्ठे काढून माझ्यापुढे ठेवले. एकाच्या वरच्या कडेला निळी पट्टी होती, दुसऱ्याच्या हिरवी.

"काकांच्या वेळी निळ्या पट्टीची होती. मंडळाने वाचलेली नवी, हिरव्या पट्टीची, छापखान्यातून सोमवारी आली. ते गेले त्यानंतरच्या सोमवारी."

माझ्या हातातल्या पत्रकाला हिरवी पट्टी होती.

४

पत्रकताईंची खोली तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या टोकाला. बारा खुर्च्या, एक लांब टेबल, भिंतीला कुलपाचं कपाट. ताई पन्नाशीच्या, बारीक, हाडाच्या शिक्षिकेसारख्या नीटनेटक्या. त्या दिवशी केस मात्र विंचरलेले नव्हते.

"काकांनी वाचलेले मसुदे बघायचेत," मी म्हणाले.

"मसुदे खोलीबाहेर जात नाहीत. बारा देते, बारा मोजून घेते." त्यांनी वही उघडून दाखवली. त्या बुधवारीही बारा गेले होते, बारा परत आले होते.

"मोजून घ्यायला एवढं काय असतं त्यात?"

त्यांनी वही मिटली. मग म्हणाल्या, "प्रत्येक मसुद्यात मी एक ओळ मुद्दाम चुकीची घालते. आम्ही तिला खडा म्हणतो. तांदळातला खडा. लक्ष देऊन वाचणाऱ्याच्या दाताखाली तो आलाच पाहिजे. वाचणाऱ्यांना हे सांगत नाही, नाहीतर ते खडाच शोधत बसतात. ज्याला दोनदा लागत नाही, त्याचे आभार मानून त्याला मोकळं करते. छापायच्या आधी खडा काढून टाकते."

"आणि त्या गोळीच्या मसुद्यात खडा कोणता होता?"

"पुढच्या बाजूला बरोबर होतं, आठवड्यातला एक दिवस ठरवा, असं. मागच्या चौकटीत..." त्यांनी कपाटाची किल्ली माझ्यापुढे ठेवली. "मागच्या चौकटीत रोज सकाळी एक, असं."

मी कपाटातून काकांची फाइल काढली. तीन वर्षांचे मसुदे होते. शेवटचे सात सोडले तर प्रत्येक खड्याभोवती निळ्या खडूचं गोल वर्तुळ होतं, बोट लावलं की पूड हाताला लागायची. प्रत्येक कागदाला चार घड्या. एका ठिकाणी कडेला त्यांनी गमतीने लिहिलं होतं, की ताई, इथे तुमची शिवण उसवली.

शेवटच्या सात कागदांवरही वर्तुळं होती. पण पेनाने काढलेली. आणि सगळ्यांत शेवटच्या, त्या बुधवारच्या, कागदाला घडीच नव्हती.

मी फाइल त्यांच्यासमोर सरकवली.

"ताई, ही वर्तुळं कोणाची?"

५

त्यांनी नाकारलं नाही. मला वाटतं, त्या दोन आठवडे कोणीतरी विचारायची वाटच बघत होत्या.

"माझी," त्या म्हणाल्या. "सात आठवड्यांपासून त्यांना खडा लागत नव्हता. पहिल्यांदा वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला असेल. पण ते पुढची बाजू वाचून मागची उलटेपर्यंत पुढची विसरायचे. दोन कागदांनंतर मी त्यांना मोकळं करायला हवं होतं, तो नियम माझाच आहे. पण दर बुधवारी ते तो कोट घालून यायचे हो. कसं सांगायचं, की काका, आता तुम्ही नको?"

"म्हणून त्यांच्या मागे तुम्ही वर्तुळ काढत गेलात."

"दया केली मी." हा शब्द त्यांनी थुंकल्यासारखा उच्चारला. "त्या बुधवारी मसुदे मोजले तर अकरा. ओळखलं, काकांनी घडी करून खिशात टाकला. म्हटलं, पुढच्या खेपेला मागून घेऊ, चारचौघांत कशाला ओशाळवायचं? त्याच्या जागी मी एक कोरा घेतला, भरला आणि वहीत बारा लिहिले. तीच गोळी त्यांना सुरू झालीय, हे मला माहीत नव्हतं. शपथ घेऊन सांगते, माहीत नव्हतं. पुढच्या बुधवारी ते आले नाहीत. म्हटलं, आराम करत असतील."

"आणि मंगळवारी तुम्ही त्यांच्या घरी गेलात."

"कोणत्या गोळीने गेले ते कळलं आणि मी तशीच निघाले. मशीनच्या खणात तो कागद होता. चार घड्या, टाचणी लावलेली. तो उचलला आणि नवा ठेवला. दुसऱ्या दिवशी कळलं, मुलीने सगळं स्वतःवर घेतलंय. रोज ठरवायची, आज सांगते. रोज संध्याकाळ व्हायची."

मला त्यांची चीड आली, आणि कीवही. दोन्ही एकदम आल्यावर काय करायचं ते मला अजून कळत नाही. मी फक्त हात पुढे केला.

त्यांनी पर्सच्या आतल्या कप्प्यातून कागद काढून माझ्या तळहातावर ठेवला. मी टाचणी सोडवली आणि घड्या उलगडल्या. पुढच्या बाजूवर एकही खूण नाही. मागे त्या चौकटीशेजारी, "रोज सकाळी एक" या ओळीसमोर, निळ्या खडूने बरोबरची खूण केली होती. कळलं, अशी.

खाली नेहमीचे प्रश्न छापलेले होते. शेवटच्या प्रश्नाखाली काकांनी दोन ओळी लिहिल्या होत्या. मी त्या उभ्याउभ्याच वाचल्या, मग खुर्ची ओढून परत वाचल्या.

६

चौथ्या दिवशी मी दोघांना माझ्या खोलीत बोलावलं. भाऊ खिडकीपाशी बसला, बहीण दाराजवळ. मधली खुर्ची रिकामी राहिली.

मी सगळं सांगितलं. घडी नसलेला कागद, हिरवी पट्टी, परत केलेलं पत्रक, खडा, पेनाची वर्तुळं. माझा कागदही तयार होता. चूक घरात झाली नाही, इस्पितळात झाली, असं त्यात लिहिलं होतं. खाली पत्रकताईंनी स्वतः सही केली होती, आणि त्याशेजारी डॉक्टरांनी, कोणी न सांगता.

भावाने तो वाचला. मग बहिणीकडे पाहिलं. "तू वाचलंच नव्हतंस?"

"नाही."

"मग मीच, मीच म्हणून का ओरडत होतीस? मी तुला काय काय बोललो!"

"लोक म्हणाले असते, म्हाताऱ्याला वाचता येत नव्हतं आणि इस्पितळाची पत्रकं तपासत होता." ती भावाकडे वळली. "दादा, तो एकच मान होता रे त्यांना. आणि चूक माझी, हे काही मी खोटं बोलले नाही. त्या संध्याकाळी कागद घेऊन ते माझ्याकडे आले होते. म्हणाले, एकदा बघतेस का? मी दोन फेऱ्या करून दमून आले होते. मी म्हटलं, बाबा, तुम्हीच तर तपासता ना हे, मग वाचा की. असं म्हटलं मी. ते हसले आणि गेले."

भावाने हातातला कागद टेबलावर ठेवला. इतके दिवस ती कशाला कवटाळून बसली होती, ते मलाही आत्ता कळलं. माझ्या इस्पितळाच्या कागदाने तिची त्यातून सुटका होणार नव्हती.

म्हणून मी दुसरा कागद काढला. "फाइलला नक्कल लावली आहे. हा तुमचा. शेवटचा प्रश्न असा आहे, की पत्रक वाचताना तुम्हाला कोणाची मदत घ्यावी लागली का? आणि हे काकांचं उत्तर."

त्यांचं इंग्रजी मोठ्या, सुट्या अक्षरांतलं होतं, एकेक अक्षर टाका घातल्यासारखं. मी ते आमच्या भाषेत वाचून दाखवलं.

"नाही. पहिल्यांदाच मुलीला त्रास दिला नाही. ती फार दमते. आता मला जमतं."

"हे कधी लिहिलं त्यांनी?" तिने कसंबसं विचारलं.

"मंडळातच, त्या दुपारी. तुझ्याकडे यायच्या आधी."

"मग माझ्याकडे कशाला आले?"

भाऊ कोटाच्या बाहीकडे बघत बोलला. "दाखवायला आले असतील. नवीन कपडा शिवला की नाही का, आपल्याला बोलवायचे. शिवण बघ म्हणायचे. त्यांना ती तपासून नको असायची."

ती रडली. ओठ दाबून, मान खाली घालून, आवाज न करता रडली. भाऊ उठला आणि मधल्या खुर्चीवर येऊन बसला. मी खिडकीबाहेर बघत राहिले. रांगेत तीन माणसं उभी होती आणि तिघंही चिडलेली होती. त्या दिवशी मी त्यांना थांबू दिलं.

बऱ्याच वेळाने तिने कागद मांडीवर घेतला. आधीच्या घड्यांवरूनच तो दुमडला. एकदा, मग परत, चार घड्या होईपर्यंत. कडा नखाने दाबल्या.

"टाचणी आहे का, मॅडम?"

मी ड्रॉवर उघडणार होते. त्याआधीच भावाने बाबांच्या कोटाची कॉलर उलटली, आतली एक टाचणी काढली आणि तिच्या हातावर ठेवली.